ट्रॅक्टरचे इंजिन फिरतच नाही तेव्हा : दोष कोठे व कसा शोधावा

द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतरचे पहिले काही आठवडे बागायतदाराच्या झोपेचे नसतात. फुटी कोवळ्या असतात, परतीच्या पावसाचा नेम नसतो, आणि रात्री पाने भिजली की सकाळी फवारणीचा ट्रॅक्टर बागेत शिरलाच पाहिजे. नाहीतर केवडा पानावरून घडावर उतरण्यास फार दिवस लागत नाहीत. अशा सकाळी लहान ट्रॅक्टरची किल्ली फिरवावी, आतून एक ‘टक्’ असा आवाज यावा आणि पुढे काहीच होऊ नये, यासारखी दुसरी अडचण नाही.

२०२२ च्या ऑक्टोबरात निफाड तालुक्यातील एका बागेवर मी गेलो होतो तो रोग पाहण्यासाठी. परंतु बागायतदाराने मला प्रथम ट्रॅक्टरपाशी नेले. ‘सेल्फ घेत नाही’ म्हणून त्याने दोन दिवसांपूर्वी स्टार्टर उतरवून एका दुरुस्तीच्या दुकानात नेला होता. तेथे नवा स्टार्टर बसवून देण्यात आला आणि तरीही यंत्र तसेच उभे होते. आता नवी बॅटरी घ्यावी, की इंजिन उघडावे, असा त्याचा प्रश्न होता. वस्तुतः दोष होता तो बॅटरीपासून सांगाड्यास जाणाऱ्या अर्थच्या पट्टीत. तिच्या बोल्टाखाली गंज चढला होता. पट्टी काढून, खालचा लोखंडी भाग घासून, पुन्हा आवळण्यास अर्धा तासही लागला नाही. मात्र फवारणीचे दोन दिवस गेले ते गेलेच, आणि खालच्या ओळींत केवड्याचे तेलकट डाग मी त्याच दुपारी पाहिले.

मी कृषीचा पदवीधर आहे, यंत्रशास्त्राचा नव्हे. पुढे जे लिहिले आहे ते काही अभ्यासाने व बरेचसे जुन्या मिस्त्रींच्या हाताखाली उभे राहून शिकलेले आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्याने इंजिनाचा मिस्त्री व्हावे अशी अपेक्षा नाही. परंतु दोष कोणत्या बाजूस आहे एवढे ठरवता आले, तरी शेतकऱ्याचा अनाठायी खर्च टळतो आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, यंत्राला व माणसाला होणारी इजा टळते.

प्रथम तक्रार नीट समजून घ्यावी

‘ट्रॅक्टर चालू होत नाही’ या एकाच वाक्यात दोन अगदी निराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. एकीत इंजिन फिरते, पण डिझेल किंवा हवा यांतील दोषामुळे चालू होत नाही. दुसरीत इंजिन फिरतच नाही. पहिल्या प्रकारात फिल्टर, डिझेलमधील हवा, नोजल यांकडे पाहावे लागते; दुसऱ्या प्रकारात त्यांच्याकडे पाहण्याचे काहीच कारण नाही. इंजिन फिरत नसताना डिझेलचा फिल्टर बदलणारी माणसे मी पाहिली आहेत. प्रस्तुत लेख फक्त दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

हात लावण्यापूर्वी ट्रॅक्टर सपाट जागी आहे ना, गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना, हँडब्रेक ओढलेला आहे ना व पी.टी.ओ.चा दांडा सुटा आहे ना, हे पाहावे. ब्लोअर किंवा रोटाव्हेटर जोडलेला असल्यास तो सोडवून बाजूला करावा. कित्येकदा अडकलेले असते ते मागचे अवजार, आणि दोष लागतो इंजिनाला.

वीज कोणत्या वाटेने जाते

स्टार्टरकडे जाणाऱ्या विजेच्या दोन वाटा असतात. एक बारीक तारेची, दुसरी जाड केबलची. कालव्यावर पाटकऱ्याला निरोप जातो, मग तो दार उघडतो आणि पाटाला पाणी सुटते. येथेही तसेच घडते. किल्ली फिरवली की बारीक तारेतून थोडीशी वीज फ्यूज, किल्लीचा स्विच व सुरक्षा-स्विच यांतून सोलेनॉइडपर्यंत जाते. हा झाला निरोप. सोलेनॉइड म्हणजे स्टार्टरच्या पाठीवर बसवलेले नळकांडे. निरोप मिळताच त्यातील लोखंडी दांडा आत ओढला जातो. तो एका बाजूने स्टार्टरची लहान दातेरी पिनियन पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या दात्यांत बसवतो आणि दुसऱ्या बाजूने तांब्याची एक चकती दोन जाड बोल्टांवर दाबतो. आपल्याला ‘टक्’ ऐकू येतो तो याचा. दार उघडले; आता जाड केबलमधून खरा प्रवाह स्टार्टरमध्ये जातो आणि इंजिन फिरते.

पाण्याला परत यावे लागत नाही, विजेला मात्र यावे लागते. स्टार्टरमधून निघालेली वीज इंजिनाच्या लोखंडातून, सांगाड्यातून व अर्थच्या पट्टीतून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतते. या परतीच्या वाटेकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. वर सांगितलेल्या बागेतील दोष याच वाटेवर होता.

दिवे लावून कान द्यावा

हातात कोणतेही साधन नसले तरी एक परीक्षा करता येते. समोरचे दिवे लावावेत, एका माणसाने त्यांकडे पाहावे, दुसऱ्याने किल्ली दोन-तीन सेकंदच फिरवून धरावी.

दिवे पूर्ववत लखलखीत राहिले आणि आवाजही आला नाही, तर निरोपच पोहोचत नाही; दोष बारीक तारेच्या वाटेवर आहे. दिवे लखलखीत, एक ठसठशीत ‘टक्’, परंतु हालचाल नाही, अशा वेळी सोलेनॉइडच्या चकतीचे तोंड जळलेले असते किंवा स्टार्टरचे कार्बन ब्रश झिजलेले असतात. ‘टकटकटक’ असा भरभर आवाज येऊन दिवे लुकलुकले, तर बॅटरी उतरलेली आहे, किंवा तिचे टर्मिनल ढिले आहे: सोलेनॉइड दांडा ओढतो, प्रवाह सुटताच दाब कोसळतो, दांडा सुटतो, दाब वर येतो आणि पुन्हा तेच. एक ‘टक्’ होऊन दिवे पार विझले, तर टर्मिनलचा सांधा प्रथम पाहावा. दिवे अगदी मंद झाले आणि तसेच मंद राहिले, तर बॅटरी अशक्त आहे किंवा इंजिन अथवा स्टार्टर जाम आहे. आणि स्टार्टर नुसता भिरभिरत फिरत असून इंजिन स्वस्थ असेल, तर पिनियन फ्लायव्हीलच्या दात्यांत बसत नाही असे समजावे. ते काम कारखान्याचे आहे.

ही परीक्षा दोषाची दिशा दाखवते, निवाडा देत नाही. निवाड्यासाठी मीटर हवा. साधा मल्टिमीटर फार महाग नसतो. प्रत्येक गावात एक तरी असावा असे माझे मत आहे.

बॅटरी

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घरे असतात. यंत्र काही तास स्वस्थ उभे असताना दोन टोकांमध्ये १२.६ व्होल्ट किंवा थोडे अधिक भरले, तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली गेली की तिच्या जोरावर इंजिन फिरेल याची आशा धरू नये. परंतु नुसते १२.६ पाहून समाधान मानणेही चूक आहे. बैल गोठ्यात उभा असताना धष्टपुष्ट दिसतो. ओढाळ आहे की नाही ते जुवाखाली कळते. किल्ली फिरवून धरलेली असताना मीटरचा काटा किंवा आकडा सुमारे ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. स्वस्थ असताना १२.६ आणि ताण येताच ५ किंवा ६, असे झाल्यास आतील एखादे घर निकामी झाले असण्याचा संभव आहे. ते हायड्रोमीटरने उघड होते: पाच घरांचे विशिष्ट गुरुत्व १.२४ ते १.२८ च्या दरम्यान आणि एकाचेच १.१५ असेल, तर ती बॅटरी कितीही वेळ चार्जिंगला लावली तरी उपयोग नाही. मात्र सर्वच घरे सारखीच उतरलेली असतील, तर ती केवळ रिकामी झाली आहे, मेलेली नाही. दुकानदाराने ‘बॅटरी गेली’ म्हटल्यावर हा फरक त्याला अवश्य विचारावा.

पाण्याची पातळी पत्र्यांच्या वर असावी. कमी झाल्यास डिस्टिल्ड वॉटरच घालावे. विहिरीच्या पाण्यातील क्षार पत्र्यांना मारक आहेत, आणि वरून आम्ल तर कधीही ओतू नये. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो व तो स्फोटक असतो. यास्तव जवळ विडी पेटवू नये, ठिणगी पाडू नये, आणि झाकणे उघडताना चेहरा बाजूस ठेवावा. आम्ल डोळ्यांत गेल्यास बराच वेळ भरपूर पाण्याने डोळे धुवावेत व लगोलग दवाखाना गाठावा.

दुसऱ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीचा आधार घ्यावयाचा झाल्यास ती बारा व्होल्टचीच असावी. धन टोकास धन टोक जोडावे. नंतर ऋण केबलचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या ऋणास, आणि शेवटचे टोक बंद ट्रॅक्टरच्या बॅटरीला नव्हे, तर तिच्यापासून दूर इंजिनाच्या स्वच्छ लोखंडाला लावावे. शेवटची जोडणी करताना ठिणगी पडते. ती वायूपासून दूर पडावी हा उद्देश.

सांधे

माझ्या अनुभवात सर्वाधिक दोष येथे सापडतात, आणि सर्वाधिक पैसाही यांच्याच अज्ञानापायी वाया जातो. म्हणून थोडे गणित मांडतो. ते अवघड नाही.

लहान ट्रॅक्टरचा स्टार्टर फिरताना सुमारे २०० अँपिअर प्रवाह घेतो असे धरू. समोरच्या दोन दिव्यांना मिळून सुमारे ९ अँपिअर लागतात. टर्मिनलच्या सांध्यात पांढरा-हिरवा क्षार चढून तेथे ओमचा अवघा शंभरावा भाग विरोध निर्माण झाला आहे. दिव्यांचा प्रवाह त्यातून जाताना ९ गुणिले ०.०१, म्हणजे ०.०९ व्होल्ट खर्ची पडतो. डोळ्यांना तो कळणारही नाही. तोच सांधा स्टार्टरच्या २०० अँपिअरच्या वेळी २ व्होल्ट गिळतो. आधीच ताणाखाली साडेदहावर आलेल्या बॅटरीतून स्टार्टरला साडेआठच मिळतात आणि तो कण्हत राहतो. ‘दिवे तर झकास लागतात, मग बॅटरीत दोष कसा?’ या नेहमीच्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. दिवे लागणे हा बॅटरीच्या किंवा सांध्याच्या चांगुलपणाचा पुरावा नव्हे.

सांधा मीटरने असा तपासावा. इंजिन चालू होऊ नये म्हणून डिझेल बंद करण्याचा दांडा ओढून ठेवावा. काही ट्रॅक्टरांत हे काम किल्लीच करते. तेथे डिझेलच्या सोलेनॉइडची तार काढून ठेवावी. मीटर डी.सी. व्होल्टवर लावून एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर टेकवावे. क्लॅम्पवर नव्हे, खुंटीच्या शिशावरच. दुसरे टोक इंजिनाच्या उघड्या, रंग नसलेल्या लोखंडावर. आता जोडीदाराने किल्ली फिरवावी. मीटरने अर्ध्या व्होल्टहून अधिक दाखवले, तर परतीची वाट खराब आहे. तशीच परीक्षा धन खुंटी आणि स्टार्टरवरील जाड केबलचा बोल्ट यांच्यामध्ये करावी. नंतर सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांमध्ये: ‘टक्’ ऐकू येत असूनही येथे बॅटरीचा जवळजवळ सर्व दाब दिसला, तर चकती जळलेली आहे. आणि स्टार्टरच्या बोल्टापासून त्याच्या अंगापर्यंत किल्ली फिरवलेली असताना दहा-बारा व्होल्ट मिळत असून तो ढिम्म राहिला, तरच स्टार्टर उतरवावा. अशा वेळी त्याच्या अंगावर पान्ह्याच्या मुठीने हलके ठोकल्यास तो एकदोनदा फिरतो. झिजलेले ब्रश तेवढ्यापुरते टेकतात. फवारणी आटोपण्यास एवढे पुरे, पण ती दुरुस्ती नव्हे.

टर्मिनल सोडवताना ऋण टोक प्रथम सोडवावे व जोडताना शेवटी जोडावे, म्हणजे पान्हा सांगाड्याला लागून ठिणगी पडत नाही. क्षार खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा. ते पाणी बॅटरीच्या घरात जाऊ देऊ नये. खुंटी व क्लॅम्प चकचकीत होईतो घासून घट्ट आवळावे आणि मग वरून व्हॅसलीन लावावे.

निरोपाची वाट आणि एक प्राणघातक सवय

दिवे लखलखीत असून आवाजच नसेल, तर प्रथम क्लच पूर्ण दाबून पाहावा, गिअरचा दांडा न्यूट्रलमध्ये हलवून पाहावा, पी.टी.ओ. सुटा करावा. पुष्कळ ट्रॅक्टरांत या ठिकाणी सुरक्षा-स्विच असतात. त्यांतील एखादा जरी मिटला नाही, तरी निरोप पुढे जात नाही. चिखलाने स्विचचे बटण अडकते, उंदीर तार कुरतडतात, फ्यूजच्या पायांना गंज चढतो. चाचणी दिव्याने किंवा मीटरने फ्यूजपासून सोलेनॉइडच्या बारीक तारेपर्यंत टप्प्याटप्प्याने पाहत गेल्यास वीज कोठे थांबली ते सापडते. येथे घाई कामाची नाही.

परंतु घाई होते, आणि काय केले जाते ते सर्वांना ठाऊक आहे. मागच्या चाकापाशी जमिनीवर उभे राहून, स्टार्टरच्या दोन बोल्टांवर पान्हा किंवा स्क्रू ड्रायव्हर आडवा धरायचा. ठिणग्या उडतात, इंजिन फिरते, आणि ‘कसे चालू केले’ म्हणून चारचौघांत कौतुकही होते. असे करताना सर्व सुरक्षा-स्विच बाजूस पडतात. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिलेला असला, तर डिझेल इंजिन पहिल्याच फेऱ्यात चालू होऊन यंत्र पुढे झेपावते; आणि ते करणारा उभा असतो तो नेमका पुढच्या व मागच्या चाकाच्या मध्ये. जगात सर्वत्र या रीतीने माणसे मोठ्या चाकाखाली गेली आहेत. गिअर न्यूट्रलमध्ये आहे असेच त्यांतील प्रत्येकाला वाटत असणार. सुरक्षा-स्विच खराब झाला म्हणून त्याच्या तारा एकमेकींना जोडून टाकण्याची पद्धतही याच मासल्याची आहे. कार्यकर्त्यांनी ही गोष्ट स्वतः करू नये आणि आपल्यासमोर कोणास करू देऊ नये. ट्रॅक्टर नेहमी आसनावर बसूनच चालू करावा.

इंजिनच जाम असेल तर

बॅटरी भरलेली, सांधे स्वच्छ, स्टार्टरला दाब मिळतो, आणि तरी दिवे मंदावून सर्व स्तब्ध राहते. आता इंजिन हाताने फिरते का ते पाहावे. किल्ली काढावी, बॅटरीचे ऋण टोक सोडवावे, डिझेलचा दांडा ओढावा, गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची पुन्हा खात्री करावी. मग क्रँकच्या पुढच्या पुलीच्या नटावर लांब पान्हा घालून इंजिनाच्या नेहमीच्या फिरण्याच्या दिशेने हळूहळू जोर द्यावा. चांगले इंजिन दाब येताच जड होते, मग सुटते, पुन्हा जड होते. हे लवचिक जडपण स्वाभाविक आहे. विहिरीवरच्या हँडलच्या इंजिनाला डीकॉम्प्रेशनचा खटका उचलला की ते जडपणही जाते, त्यामुळे तेथे ही परीक्षा अधिक सोपी आहे.

तसूभरही हलत नसेल, तर पट्टा काढून पुन्हा पाहावे. डायनॅमो किंवा पाण्याच्या पंपाचे बेअरिंग धरलेले असू शकते. कधी स्टार्टरची पिनियनच फ्लायव्हीलमध्ये अडकून बसते. स्टार्टरचे बोल्ट ढिले करताच ती ‘टण्’ असा आवाज करून सुटते आणि इंजिन मोकळे होते.

इंजिन काही अंश फिरून एकाच ठिकाणी भिंतीला टेकल्यासारखे थांबत असेल, तर मात्र तेथेच हात आवरावा. सिलिंडरमध्ये पाणी असण्याचा संभव असतो.

पाणी आणि ओढून चालू करण्याचा धोका

लहान ट्रॅक्टरचे तीन सिलिंडरांचे ९०० घन सेंटिमीटरचे इंजिन घेऊ. एका सिलिंडरच्या वाट्यास ३०० आले. दाबाचे प्रमाण १६ : १ असेल, तर पिस्टन अगदी वर गेल्यावर त्याच्या माथ्यावर उरणारी जागा अवघी २० घन सेंटिमीटर, म्हणजे चहाच्या चार चमच्यांइतकी असते. हवा त्या जागेत मावते कारण ती दाबली जाते. पाणी दाबले जात नाही. चार चमच्यांहून थोडे जास्त पाणी त्या सिलिंडरमध्ये असले की पिस्टनला वर जाण्यास वाटच उरत नाही.

हे पाणी येते कोठून? उभ्या सायलेन्सरच्या उघड्या तोंडातून पावसाचे. हेड गॅस्केट गेल्यास रेडिएटरचे. ओढा ओलांडताना एअर क्लीनरमधून ओढलेले. स्टार्टरचा जोर बेताचा असतो, तो पाण्यापुढे थांबतो आणि बहुधा इंजिन वाचते. परंतु अशा वेळी ‘सेल्फ घेत नाही ना, ओढू या’ म्हणून दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळी बांधली जाते. एका गावी पावसाळ्यात दोन महिने उघड्यावर उभा असलेला ट्रॅक्टर मी पोहोचण्यापूर्वी अर्धा तास असाच ओढण्यात आला होता. क्लच सुटला, मोठा आवाज झाला, मागची चाके घसटत गेली. इंजिन उघडले तेव्हा एक कनेक्टिंग रॉड विळ्यासारखा वाकलेला होता. सायलेन्सरमधून गेलेले पाणी तांब्याभरही नसेल. त्या कुटुंबाने सोयाबीनचे आलेले पैसे त्या दुरुस्तीत घातले.

म्हणून नियम असा धरावा की, जो ट्रॅक्टर पुलीच्या नटावर पूर्ण दोन फेरे हाताने फिरत नाही, तो ढकलू नये, उतारावर सोडू नये व ओढू नये. बॅटरीच उतरली आहे याची खात्री असेल तरीही ही परीक्षा आधी करावी. तिला पाच मिनिटे लागतात.

पाणी असल्यास उपाय आहे. ऑइलची दांडी ओढून पाहावी. ऑइल दुधाळ दिसले किंवा पातळी वाढलेली असली तर शंका पक्की होते. तिन्ही नोजल काढून घ्यावेत व इंजिन हाताने सावकाश फिरवावे. नोजलच्या भोकातून पाणी जोराने उडते, तेव्हा कोणीही त्यासमोर तोंड आणू नये. पाणी सरल्यावर प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडून आणखी काही फेरे द्यावेत, इंजिनातील ऑइल व फिल्टर बदलावा, आणि नोजल नव्या वॉशरसह बसवावेत. पाणी रेडिएटरमधून येत असेल, तर गॅस्केट बदलल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. संगणकाने चालणाऱ्या कॉमन रेल पद्धतीच्या नव्या इंजिनांचे नोजल मात्र गावात उघडू नयेत. त्यांतील डिझेलचा दाब व स्वच्छतेची निकड आपल्या साधनांच्या पलीकडची आहे.

वर्ष-दोन वर्षे उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरमध्ये पाणी नसूनही पिस्टनच्या रिंगा गंजाने लायनरला धरलेल्या असतात. नोजल काढून डिझेल व इंजिन ऑइल समभाग मिसळून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडेथोडे सोडावे आणि दोन-तीन दिवस मुरू द्यावे. मग पान्ह्याने पुढे-मागे अगदी हलका झोका द्यावा. पाईप घालून पान्हा लांब करण्याचा मोह आवरावा, कारण नट तुटतो व रिंगही मोडते. मोकळे झाल्यावर नोजल बसवण्यापूर्वी आतील मिश्रण फेरे देऊन बाहेर काढावे, कारण ते वीस घन सेंटिमीटरांचे गणित ऑइललाही तितकेच लागू आहे. चालता चालता तापून किंवा ऑइल संपून जाम झालेल्या इंजिनाला मात्र हा उपाय करू नये. त्याचे बेअरिंग किंवा पिस्टन वितळून धरलेले असतात. कसेबसे फिरवले तरी क्रँकची हानी वाढते. ते कारखान्यातच उघडले पाहिजे.

यंत्र मिस्त्रीकडे न्यावेच लागले, तर कार्यकर्त्याने शेतकऱ्यास एका कागदावर पुढील गोष्टी लिहून द्याव्यात : स्वस्थ असताना व्होल्ट किती, किल्ली फिरवताना किती, अर्थच्या वाटेवर किती पडले, आवाज कोणता आला, इंजिन हाताने फिरले की नाही. असा कागद पाहिल्यावर चांगला मिस्त्री नेमक्या जागी हात घालतो, आणि उगाच भाग बदलू पाहणाऱ्यास थोडा विचार करावा लागतो.

पावसाळ्यात ट्रॅक्टर फार दिवस उभा राहणार असेल, तर बॅटरीचे ऋण टोक सोडवून ठेवावे व महिन्यातून एकदा ती चार्ज करावी. पंधरा दिवसांनी इंजिन हाताने दोन फेरे फिरवावे. सायलेन्सरच्या तोंडावर झडप नसल्यास एखादा रिकामा डबा पालथा घालावा, आणि डबा घातला आहे अशी चिठ्ठी किल्लीला बांधून ठेवावी.